अनंत चतुर्दशीचा वाटाणा

नाना, तुमचा तेरावा होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, शेजारच्या सतरंज्या घड्या घालून परत दिल्या, आणि तुमच्या बहिणीला, जनाआत्यांना, आज सकाळी भुसावळच्या गाडीत बसवून आले. तुमचे चिरंजीव ड्यूटीवर गेलेत. घरात मी एकटीच आहे, म्हणून परसात पाट टाकून बसले आहे. समोर तुमचा मधला वाफा आहे, मोकळा. त्याच्याबद्दलच तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही होता तेव्हा बोलले नाही. आता तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, एवढी एक सोय झाली आहे.

तुम्ही किती वर्षं मेलचं इंजिन चालवलंत, कोहऱ्यात, इथल्या दाट धुक्यात, गाडी वेळेवर कशी आणायचात, हे सगळं भेटायला येणाऱ्यांनी सांगून झालं. ऐकायला बरं वाटलं. पण त्या ड्रायव्हरला मी ओळखतच नाही. मी सून म्हणून आले तेव्हा तुम्ही नुकतेच रिटायर झाला होता. सासूबाई कधीच्याच गेल्या होत्या. नगरा या वस्तीत हे घर बांधताना तुम्ही निम्मी जागा परसाला सोडलीत आणि खोल्या एवढ्याशा केल्यात. चिरंजीव कुरकुरले तर म्हणालात, माणसाला झोपायला किती लागतं, आणि वांग्याला किती लागतं, याचा हिशेब वेगळा असतो. मी ओळखते तो गुडघ्याखाली पोतं टाकून दोरी धरून ओळी आखणारा माणूस. ओळ बोटभर वाकडी गेली तर सगळी मोडून पुन्हा आखणारा.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला मराठी शिकवायला बसलात. माझं माहेर बडा बाजारामागच्या गल्लीतलं. आमच्या घराण्याला उत्तरेतल्या या शहरात दोनशे वर्षं झाली, घरात आम्ही अजून तसराळं आणि शिंकाळं म्हणतो. पण मी ‘मटर’ म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी. “वाटाणा म्हण, सूनबाई. वाटाणा.” मग मी मुद्दाम मटरच म्हणत राहिले. तुम्हीही मुद्दाम रोज सुधारत राहिलात. अकरा वर्षं दोघंही दमलो नाही.

मला परसातलं काही येत नव्हतं. माहेरी अंगणात तुळस आणि एक लिंबू, बाकी सगळं मंडईतून. तुम्ही भिंतीकडचा एक वाफा मला दिलात आणि म्हणालात, “हा तुझा. यात मी बोट घालणार नाही.” मी पहिल्या वर्षी धने न रगडता, अख्खे पेरले. तुम्ही रोज शेजारून जायचात, बघायचात, पण बोलला नाहीत. कोथिंबीर विरळ आली. तेव्हा शेवटी एवढंच म्हणालात, “पुढच्या वर्षी चप्पल काढून धन्यांवर जरा पाय फिरव.” त्या एका वाक्याने मला परस शिकवलं. दुसऱ्या वर्षी माझं पोटातलं मूल गेलं. येणारी प्रत्येक बाई काही ना काही समजूत घालून जायची, आणि ती गेली की मी जास्तच रडायची. तुम्ही एका सकाळी दारात उभं राहून म्हणालात, “चल, खुरपणी राहिलीय.” महिनाभर आपण समोरासमोर बसून तण काढलं. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. नाना, त्या महिन्याचे माझ्यावर उपकार आहेत, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

पण वाटाण्याबद्दल तुम्ही चुकत होता. हेही सांगितलं नाही.

इथला हंगाम केवढासा. पाऊस सरतो, पण जमिनीतली धग लवकर जात नाही. पौषात पाला पडतो, म्हणजे दंवच गोठतं, आणि फुलं काळी पडतात. होळी झाली की वारा असा तापतो की शेंगा वेलावरच कडक होतात. मधल्या चार महिन्यांत जे काय पिकेल ते पिकेल. वाटाणा पेरायला घटस्थापनेनंतरचे पंधरा दिवस, त्याच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. हे माझ्या बाबांना माहीत होतं, आपल्या दूधवाल्या भैयाला माहीत होतं. फक्त तुम्हाला मान्य नव्हतं. तुमचे वडील गावी अनंत चतुर्दशीला, गणपती विसर्जन करून आले की वाटाणा टोकायचे, म्हणून तुम्हीही. “पाला पडायच्या आत शेंगा घरात,” असं तुमचं त्यावर गणित. दूधवाला भैया कुंपणापाशी सायकल लावून म्हणायचा, “काए बाबूजी, अबै मटर? घाम तौ देखौ.” त्याच्या बोलीत घाम म्हणजे ऊन. आणि तुम्ही त्याला तुमच्या त्या हिंदीत ऐकवायचात, “हमारे तरफ चतुर्दशी को ही पेरते है, भैया. हमारा कभी चुकता नहीं.”

तुमच्या तरफला असेल तसं. इथं काय व्हायचं ते तुम्ही कधी पाहिलंच नाहीत, कारण दुसऱ्या दिवशी पास काढून तुम्ही गावाला जायचात. पितृपंधरवड्यात वडिलांचं श्राद्ध, मग जनाआत्यांकडे मुक्काम, ते थेट दसरा करून परत. येताना आत्यांनी दिलेली बियाण्याची पुरचुंडी. तुमच्या आईच्या हातचं बी, आत्या चाळीस वर्षं राखत आलेल्या, सगळं गाव त्यांच्याकडूनच न्यायचं.

माझ्या पहिल्या वर्षी तुम्ही गेलात आणि आठ दिवसांत कोंब वर आले. मी हरखले. मग एक एक कोंब मान टाकायला लागला. मी पाणी घातलं, पोती आडवी धरली, ओळीत बसून रडलेही. पंधराव्या दिवशी वाफ्यात काही उरलं नव्हतं. मला वाटलं, आता मामंजी येऊन म्हणणार, नव्या सुनेने वाफा मारला. डब्यात तळाला थोडं बी उरलं होतं. घटस्थापनेच्या सकाळी देवापुढच्या परडीत गहू पेरले आणि तशीच परसात येऊन मी तुमच्याच ओळीत, तुमच्याच अंतरावर वाटाणा टोकला. तुम्ही आलात तेव्हा रोपं चार बोटं वर आली होती. तुम्ही पिशवी न उतरवता वाफ्यापाशी गेलात, पाठीवर हात बांधून उभे राहिलात. “यंदा जरा ठेंगणा आहे,” म्हणालात, “पण अंग धरलंय.” आणि मग संध्याकाळपर्यंत कॉलनीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांत सांगून आलात.

त्यानंतर मला थांबताच येईना. तुम्ही बी भिजत घालायच्या आधी मी दोन मुठी काढून ठेवायची. दर वर्षी तुमचा वाटाणा मरायचा, दर वर्षी घटस्थापनेला मी तो पुन्हा पेरायची, आणि दर वर्षी तो ‘जरा ठेंगणा’ निघायचा. पाल्याच्या दिवसांत तुम्ही संध्याकाळी ओला पाचोळा पेटवून धूर करायचात, वाफ्यांना पाणी सोडायचात, त्यामुळे फुलंही वाचायची. ते मात्र खरंच तुमचं. भोगीला कॉलनीतल्या सगळ्यांच्या भाजीत आपला वाटाणा असायचा. बायका ताट वाढताना म्हणायच्या, नानांचा हात लागला की उगवतंच. मी मान डोलवायची. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट गंमत वाटायची, आपल्या घरात आपण एक लाडाचं खोटं पाळलं आहे असं वाटायचं.

मग यंदाचे गणपती आले. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी माझे बाबा दर्शनाला आले होते. तुम्ही त्यांना परस दाखवायला नेलंत. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून फार सौम्यपणे म्हणाले, “व्याही, यंदा ऊन फार आहे. आठ-पंधरा दिवस थांबलात तर बरं होईल.” तुम्ही हसलात. म्हणालात, “तुमचं घराणं इथं दोनशे वर्षं आहे म्हणता. दोनशे वर्षांत मूठभर वाटाणा तरी पिकवलात का? माझा अकरा वर्षांत एकदाही चुकला नाही. विचारा तुमच्या लेकीला.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “हो बाबा. चुकला नाही.”

बाबा मुलीचे बाप. हसून “वा, वा” म्हणाले आणि टोपी नीट करून निघाले. मी त्यांना टांग्यापर्यंत सोडायला गेले. वाटेत ते म्हणाले, “असेल बाई, जमिनीजमिनीत फरक असतो.” माझ्याच पेरणीवरून माझ्याच बापाला मी खाली पाहायला लावलं होतं. तुमचा तर राग आलाच, पण स्वतःचा त्याहून जास्त आला. आणि माणूस स्वतःवरचा राग काढतो मात्र दुसऱ्यावर.

तुम्ही गेलात. तुम्ही गावाला असताना कोंब आले, मेले. घटस्थापनेला मी परडीत गहू पेरले आणि परसाचं दार उघडलंच नाही. दोन मुठी बी डब्यात तसंच राहिलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. मी स्वयंपाकघरात होते आणि मुद्दाम भांड्यांचा आवाज करत होते. मला वाटलं होतं, तुमचा उतरलेला चेहरा बघून मला आनंद होईल. क्षणभर झालाही, खोटं कशाला बोलू. मग तुम्ही आत आलात, पिशवी अजून खांद्यावरच होती, आणि अगदी हळू म्हणालात, “ऊन तसं फार नव्हतं म्हणतात. पाणी तर तू घातलंच असशील. मग हातच गेला म्हणायचा माझा.”

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “अजून दिवस आहेत नाना, पुन्हा पेरू या.” तुम्ही म्हणालात, “दुबार पेरणी मी करत नाही.” आणि खुरपं माझ्या हातात दिलंत, जसं चार्ज देतात तसं. त्यानंतर बाकीचे वाफे मीच केले. मुळा, मेथी, कोबी. तुम्ही खुर्ची टाकून ऊन खात बसायचात, पण तोंड रस्त्याकडे करून.

खरं सांगितलं तर तुमचा हात गेलेला नव्हता. पण हात गेला नाही हे पटवायचं तर तो कधीच नव्हता हेही सांगावं लागणार. एक वर्ष परत द्यायचं आणि अकरा काढून घ्यायची. मी रोज सकाळी चहा आणून द्यायची तेव्हा सांगायचं ठरवून यायची आणि कप ठेवून परत जायची. आठवड्याने तुम्हीच विचारलंत, “सूनबाई, तू रोज बघत होतीस. नक्की काय झालं असेल?” माझ्या तोंडून निघून गेलं, “बीच किडकं असेल.”

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. दुपारी कार्ड मागवून लिहिलंत, “जने, यंदाचं बी बाद निघालं. पुढे पाठवू नकोस.” आणि ते मला टाकायला दिलंत. मी ते माझ्या हाताने पेटीत टाकलं, नाना. कोपऱ्यापर्यंत जाताना तीन वेळा थांबले आणि तरी टाकलं.

भोगीला मी वाटाणा बाजारातून आणला. तुम्ही भाजीतले दाणे एक एक करून ताटाच्या कडेला लावलेत. त्यानंतर सहाव्या दिवशी, चहा अर्धा पिऊन, त्याच खुर्चीत तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले हृदय. मला तेव्हापासून ते कडेला लावलेले दाणे दिसतात. तुम्ही वाटाण्याने गेला नाहीत, एवढं मलाही कळतं. पण गेलात तेव्हा स्वतःला निकामी समजत होता, आणि ती समजूत माझ्या फुरंगटण्यातून झाली होती.

जनाआत्या तिसऱ्या दिवशी आल्या. माझ्याशी कमीच बोलायच्या. मला वाटलं, दुःख आहे, वय आहे. काल दुपारी त्या काठी टेकत परसात आल्या आणि म्हणाल्या, “हाच का तो वाफा?” मी हो म्हणाले. त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली, चोळली, टाकली. “दादाचं कार्ड आलं. मला वाचता येत नाही. शाळेच्या मास्तरांनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. आता गावात कोणी माझ्याकडून बी नेत नाही.”

मी तिथेच खाली बसले आणि सगळं सांगितलं. बाबांचं, घटस्थापनेचं, अकरा वर्षांचं. आत जाऊन डबा आणला. आत्यांनी दोन मुठींतला एक दाणा दाढेखाली धरला. तो कटकन फुटला. त्यांनी तो चावून चावून खाल्ला.

“मग त्याला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर त्यांची अकरा वर्षं गेली असती, आत्याबाई.”

“अन् नाही सांगितलंस म्हणून माझी चाळीस गेली.”

मी डब्याचं झाकण लावलं. त्या कोबीच्या वाफ्यापर्यंत जाऊन आल्या. मग म्हणाल्या, “कार्ड आहे घरात?”

मी कार्ड आणि पेन घेऊन आले. त्या पाटावर बसल्या, मी जमिनीवर.

“लिही. मास्तरांच्या नावानेच लिही, म्हणजे तेच वाचतील.”

“काय लिहू? नानांची तारीख चुकली म्हणून लिहू?”

“तसं कशाला? गावात त्याचं नाव आहे. लिही, बी उत्तम होतं. मामंजी गावाला आले होते, तेव्हा वाफ्याला पाणी घालायचं माझ्याकडे होतं. ते माझ्याकडून राहिलं. बस. म्हणजे माझं बीही वाचलं, त्याचा हातही वाचला.”

“आणि मी?”

“तू काय, तू आळशी सून. चार दिवस बोलतील.”

मी लिहिलं. आत्यांनी दोनदा वाचून घेतलं आणि कार्ड घडी न करता बटव्यात ठेवलं, स्वतःच्या हाताने मास्तरांना देणार म्हणाल्या. सकाळी स्टेशनवर त्या माझ्याशी नेहमीसारखं बोलल्या. डब्यात चढताना माझ्या डोक्यावरून हातही फिरवला. त्यांना हे सुचायला पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आणि मी चार महिने कुढत बसले की खरं सांगावं की बियाण्यावर ढकलावं. तिसरी वाट मला दिसली नाही, कारण त्या वाटेत दोष माझ्या अंगाला लागत होता.

एवढंच वाक्य होतं, नाना. तुम्ही पिशवी खांद्यावर घेऊन दारात उभे होता, आणि पाणी मी घातलंच असणार हे तुम्ही न विचारता धरून चालला होता. तेव्हा मी भांडी खाली ठेवून म्हणायचं होतं, नाना, पाणी घालायचं राहिलं माझ्याकडून. तुम्ही संतापला असतात. माझ्या माहेरच्या दोनशे वर्षांचा उद्धार केला असतात. चार दिवस माझ्या हातचा चहा घेतला नसतात. आणि पाचव्या दिवशी बी भिजत घातलं असतंत.